जुन्या १९ इंची मॉनिटरवर बसवलेली इन्फ्रारेड टच फ्रेम : आठ महिने वापरून

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे आमचं घर. खाली चार माग, वर डिझाइनची खोली. अप्पांनी चाळीस वर्षं चादरीची नक्षी ग्राफपेपरवर पेन्सिलीने भरली. आडवा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा, उभा एक म्हणजे बाण्याचा एक. कोयरीचं टोक किती चौकोनांनी वळवलं तर कापडावर गोल दिसेल, हे त्यांना मोजावं लागत नाही. आता तेच काम मी कॉम्प्युटरवर करते. पण माऊस हातात घेतला की अप्पांचं लक्ष हाताकडे जातं आणि बाण पडद्यावर भलतीकडे. त्यांचं बोट सरळ नक्षीवर टेकायला हवं होतं. मी पाहिलेले तयार टच मॉनिटर वीस हजारांच्या वर होते आणि माळ्यावर दोन जुने एलसीडी पडून होते.

आधी मी कॅमेऱ्याच्या वाटेने गेले. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जेफ हान यांनी २००५ मध्ये अ‍ॅक्रिलिकच्या कडेतून इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश सोडून बोटं ओळखायची पद्धत मांडली, आणि त्यानंतर जगभर लोकांनी घरी असे पडदे केले. एलसीडीच्या काचेवर चित्र कुठलंही असो, इन्फ्रारेड प्रकाश तिच्यातून बऱ्यापैकी पार जातो. म्हणून मॉनिटर उघडायचा, पॅनलमागचा पांढरा परावर्तक कागद काढायचा, मागे वेबकॅम ठेवायचा. वेबकॅममधला इन्फ्रारेड अडवणारा काचेचा तुकडा काढून तिथे धुतलेल्या फोटो निगेटिव्हचा काळा भाग लावला की त्याला बोटांचे ठिपके दिसतात. ठिपके मला दिसलेही! पण कॅमेऱ्याला पूर्ण पडदा दिसावा म्हणून मागे हात-दीड हात खोल खोका लागतो आणि पॅनल सुटं ठेवावं लागतं. पॅनलच्या काठाला चिकटलेली, चित्राचे सिग्नल नेणारी पातळ पट्टी माझ्या हातून दुमडली. १७ इंची मॉनिटरच्या एक तृतीयांश भागावर उभ्या रेघा आल्या त्या आल्याच. शिवाय जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइटला शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर त्या उघड्या पसाऱ्यात असतो. घरात लहान मूल असेल तर ही वाट धरू नका, हे मी मनापासून सांगते.

म्हणून दुसऱ्या मॉनिटरला फ्रेम मागवली. ऑनलाइन, साडेपाच हजारांना.

ही फ्रेम म्हणजे अॅल्युमिनियमची चौकट. दोन बाजूंना इन्फ्रारेड एलईडींची रांग, समोरच्या दोन बाजूंना प्रकाश टिपणारे सेन्सर. पडद्यावर न दिसणाऱ्या किरणांची जाळी तयार होते, म्हणजे ताणा-बाणाच. बोटाने जो उभा आणि जो आडवा किरण अडला, तो तुमचा बिंदू. मॉनिटर उघडावा लागत नाही. यूएसबी जोडली की विंडोज १० तिला लगेच ओळखतं, ड्रायव्हर लागत नाही. दोन मॉनिटर असतील तर कंट्रोल पॅनलमधल्या 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज'मध्ये जाऊन कुठला पडदा टचचा ते सांगावं लागतं, नाहीतर बोट इथे आणि क्लिक तिथे. तेवढं पाच मिनिटांत झालं.

मापाचा घोळ मात्र मोठा झाला. '१९ इंची' हे कर्णाचं माप. माझा मॉनिटर १६:१० चा (रुंदी:उंची), पडद्याचं उजळणारं क्षेत्र ४०.८ बाय २५.५ सेंटिमीटर. विक्रेत्याने पाठवली १६:९ ची फ्रेम, आतली उंची जेमतेम २३. खालचा टास्कबारच झाकला गेला. परत पाठवून दुसरी यायला अकरा दिवस लागले, आणि त्यात तीन वेळा फोन करून मलाच माप समजावून सांगावं लागलं. १९ इंचीमध्ये चौकोनी ५:४ सुद्धा येतो, त्याचं माप आणखी वेगळं. तेव्हा मॉनिटर चालू करा, उजळलेला भाग पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला आतलं माप लेखी विचारा.

फ्रेमसोबत काच येत नाही. एलसीडीचा वरचा थर मऊ असतो, दाबला की पाण्यासारखे तरंग उठतात. मी ३ मिलिमीटरची टफन्ड काच कापून घेतली. ही काच आधी मापाने कापून, कडा घासून मग भट्टीत जाते, नंतर कापता येत नाही. म्हणून फ्रेम हातात आल्यावरच काचवाल्याकडे जा.

पहिल्याच दिवशी अप्पा म्हणाले, "अगं, बोट टेकायच्या आधीच रेघ उमटतंय की!" बरोबर होतं त्यांचं. किरण काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वरून जातात. बोट उचलतानाही शेवटच्या क्षणापर्यंत किरण अडलेलाच असतो, त्यामुळे पाकळीच्या टोकाला नको ती शेपटी येते. फ्रेमचा हा खरा दोष आहे आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. नक्षी मोठी करून, एक चौकोन बोटाच्या पेराएवढा दिसेल अशी ठेवली की काम होतं. बोट जरा वेळ दाबून धरलं की राइट-क्लिकचा मेनू उघडायचा, तो 'पेन अँड टच'मध्ये जाऊन बंद केला.

दोन बोटांनी नक्षी लहान-मोठी करणं हा अप्पांचा सगळ्यात आनंदाचा भाग. इथे फ्रेमचा कस लागतो. दोन बोटं टेकली की दोन उभे आणि दोन आडवे किरण अडतात, त्यांची छेदनं होतात चार. खरी दोन कोणती, हे सरळ किरणांवरून कळत नाही. आमच्या फ्रेममध्ये तिरके किरणही तपासले जातात, त्यामुळे बहुतेक वेळा ती बरोबर ओळखते. दोन्ही बोटं एकाच आडव्या ओळीत आली की क्वचित अडखळते. चार बोटांच्या करामतीसाठी मी ती घेणार नाही. दोन बोटांना चांगली आहे.

आता खास आपल्या गावासाठी सांगायचं ते. तिसऱ्या आठवड्यात पडदा आपोआप क्लिक व्हायला लागला. अप्पा लांब बसलेले, मी चहा ठेवत होते आणि डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांमागून ठिपके पडत होते. मला वाटलं सेन्सर गेला. बॅटरी लावून फ्रेमच्या खालच्या खाचेत पाहिलं तर सुताचे बारीक तंतू साचून नखाएवढा पांढरा बोळा झाला होता. खालून माग चालतात, जिन्यातून ते वर येतात. किरणांच्या दृष्टीने तो बोळा म्हणजे कायमचं टेकलेलं बोटच. आता रोज सकाळी मऊ कोरड्या ब्रशने चारही खाचा झाडते, एक मिनिट लागतं. दुसरा त्रास उन्हाचा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. एप्रिलमध्ये चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट चौकटीवर यायचं आणि उजवा पट्टा मुकाच व्हायचा. जाड पडदा लावल्यापासून तक्रार नाही.

शेवटची अडचण अप्पांनीच सोडवली. कागदावर काम करताना तळहाताची कड टेकवायची त्यांची सवय. इथे तळहात टेकला की तोही स्पर्श धरला जायचा. मॉनिटर आम्ही स्टँडवरून काढून उतरत्या लाकडी मेजावर बसवला आहे. त्यांनी आपली जुनी बारा इंची लाकडी फूटपट्टी उभी, चौकटीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत टेकवली. चौकट काचेपेक्षा उंच, त्यामुळे पट्टी किरणांच्या वरून जाते, काहीच अडत नाही. हात पट्टीवर ठेवायचा, फक्त तर्जनी खाली. ग्राफपेपरवर पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून ते हीच पट्टी असंच धरायचे.

पाचपैकी चार देते. एक कमी केला तो मापाच्या घोळासाठी आणि त्या शेपटीसाठी. गेल्या महिन्यात आमच्या मागावर उतरलेल्या डबल चादरीच्या काठाची वेल पूर्ण अप्पांच्या बोटाची आहे, मी फक्त रंग भरले.