चाक, कॅल्क्युलेटर की अ‍ॅप? इंदूरच्या उन्हात आठ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर पायलट ट्रेनिंगचे ग्राउंड क्लास सुरू झाले तेव्हापासून फ्लाइट प्लॅनिंगची, म्हणजे उड्डाणाआधी दिशा, वेळ आणि इंधन काढायची, तीन साधनं वापरतेय. अ‍ॅल्युमिनियमचं ई-सिक्स-बी (हाताने फिरवून गणितं करायची तबकडी, आमच्याकडे सगळे तिला चाकच म्हणतात), बॅचमधल्या मित्राकडून मागून घेतलेलं एएसए कंपनीचं इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर सीएक्स-3, आणि टॅबवरचं एक अ‍ॅप. नवी पोरं रोज विचारतात, "दीदी, कोणतं घेऊ?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी पैसे कसे वाया घालवले ते. माझं पहिलं चाक ऑनलाइन मागवलेलं, प्लास्टिकचं, नावगाव नसलेलं. त्याच्या आतल्या-बाहेरच्या तबकड्यांचा मध्यच एक नव्हता. 10 समोर 10 लावला तर 20, 30 नीट जुळायचे आणि 60 पर्यंत जाता जाता अर्ध्या रेघेची चूक. चाक हातात आलं की पहिल्यांदा हेच बघा: 10 समोर 10 लावून पूर्ण गोल नजर फिरवायची, प्रत्येक रेघ रेघेसमोर हवी. तरी ते रेटून वापरत होते. एप्रिलमध्ये स्कूटीच्या डिक्कीत ठेवून छप्पन दुकानला (इंदूरची खाऊगल्ली) पोहे खायला गेले, परत येऊन बघते तर पारदर्शक तबकडी पापडासारखी फुगलेली. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकातही वाऱ्याच्या बाजूची (मागची, वाऱ्याचं गणित करायची) तबकडी प्लास्टिकचीच असते, तेव्हा डिक्की त्यालाही वर्ज्य.

चाक म्हणजे गोल केलेली स्लाइड रूल, म्हणजे खुणा सरकवून गुणाकार-भागाकार करायची जुनी पट्टी. अमेरिकन नौदलातल्या फिलिप डाल्टन यांनी 1930 च्या दशकात ते घडवलं आणि मूळ रूप आजही तेच आहे. आमचे आजोबा स्लाइड रूलवर इंजिनिअरिंग शिकलेले. नवं चाक त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, विमानाबद्दल चकार शब्द न विचारता 12.5 गुणिले 8 लावलं आणि म्हणाले, "बाळ, शंभर आले की दहा, हे मात्र तुझं तुला ठरवावं लागेल हं." चाकाला दशांश चिन्ह नसतं. उत्तर 49 दिसतं, ते 4.9 की 490 हे आधीच अंदाजाने माहीत असावं लागतं. सुरुवातीला याचा भयंकर राग यायचा. आता अ‍ॅपमध्ये आकडा टाकण्याआधीही मनात अंदाज तयार असतो, आणि उत्तर त्याच्या आसपास नसलं की हात थांबतो.

वाऱ्याची बाजू जरा सविस्तर सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. इंदूर ते भोपाळ सरळ रेषेत साधारण 91 नॉटिकल मैल, ट्रॅक (जमिनीवरून जायची दिशा) 068 अंश. ट्रू एअरस्पीड (हवेतला विमानाचा वेग) 100 नॉट, म्हणजे तासाला 100 नॉटिकल मैल, आणि वरचा वारा 300 अंशांवरून 20 नॉट धरा. 300 वरच्या खुणेखाली आणायचं, मधल्या छिद्रापासून वर 20 मोजून पेन्सिलीने ठिपका द्यायचा. मग 068 खुणेखाली आणून तबकडीखालची पट्टी सरकवायची, ठिपका 100 च्या कमानीवर बसेपर्यंत. ठिपका छिद्राच्या डावीकडे, खाली गेलेला दिसतो. डावीकडे 9 अंश म्हणजे हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) 059, छिद्राखाली ग्राउंड स्पीड (जमिनीवरून मोजलेला वेग) 111, वेळ 49 मिनिटं. येताना 248 लावा, तोच ठिपका उजवीकडे वर चढतो, स्पीड 86 वर येतो आणि तोच रस्ता 63 मिनिटांचा होतो. तासाला 32 लिटर पिणाऱ्या सेसना 172 ला येताना साडेसात लिटर जास्त. सीएक्स-3 हेच उत्तर भराभर आणि जास्त काटेकोर देतं, पण वारा पाठीवरून तोंडावर आलेला त्यात दिसत नाही.

आता माझा गाढवपणा. एका सकाळी आदल्या दिवशीचा ठिपका पुसायचा राहिला, मी त्यावरच सगळी हेडिंग काढली. सरांनी नॅव्हलॉग (उड्डाणाचा आकडेमोडीचा तक्ता) पाहिला, खिडकीबाहेर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) पाहिला आणि विचारलं, "ये कल की हवा है क्या?" ते वाक्य बॅचमध्ये अजून चालतं.

हवेत मात्र चाकाला तोड नाही. 60 च्या बाणासमोर 111 एकदा लावलं की पुढचा सगळा तक्ता तयार. 37 मैलांसमोर 20 मिनिटं आपोआप वाचता येतात, पुन्हा काही फिरवायला नको. सीएक्स-3 वर दर वेळी बटणं दाबायची, म्हणजे दर वेळी मान खाली. शिवाय त्याला चार ट्रिपल-ए सेल लागतात आणि ते संपायला वेळकाळ बघत नाहीत.

अ‍ॅपबद्दल वाईट बोलणार नाही. वेट अँड बॅलन्ससाठी (विमानातलं वजन आणि त्याचा तोल) मी तेच वापरते, मार्ग आणि अंतर ताडून बघायला स्कायव्हेक्टर ही वेबसाइट फुकट आहे. पण मे महिन्यात टॅब कॉकपिटमध्ये तापला, आधी मंद झाला, मग चक्क गरम झाल्याची सूचना दाखवून बंद. आयपॅडलाही 35 अंशांपर्यंतचंच वातावरण झेपतं असं अ‍ॅपलच सांगतं, आणि इंदूरचा मे 40 ला टेकतो. आपला एअरपोर्ट साधारण 1,850 फुटांवर; 40 अंशांत डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) 5,300 फुटांच्या घरात जातं. टॅब दमतो तसंच इंजिनही दमतं, आणि टेक-ऑफला लागणारी धावपट्टी वाढते. हे गणित चाकाच्या छोट्या खिडकीत दहा सेकंदांत होतं.

एकक मात्र कुठलंच साधन विचारत नाही. विमानाच्या पुस्तकात अमेरिकन गॅलन, बाउझरवर (इंधनाच्या टँकरवर) लिटर. मी एकदा अ‍ॅपच्या गॅलनच्या रकान्यात लिटरचे 32 टाकले आणि त्याने निमूटपणे मान्य केले. 1983 मध्ये एअर कॅनडाचं 767 विमान किलो-पाउंडाच्या गोंधळात आकाशातच कोरडं पडलं आणि कॅनडातल्या गिमलीला इंजिनांशिवाय उतरलं. म्हणून नॅव्हलॉगवर प्रत्येक आकड्यापुढे "लि" लिहिते.

तर घ्यायचं काय? पहिलं अ‍ॅल्युमिनियमचं चाक, नंतर अ‍ॅप. सीएक्स-3 साठी खिशात जास्तीचे पैसे असतील तरच. सीआरपी-5 (याच जातीचं दुसरं चाक) अभ्यासाच्या टेबलावर छान, गुडघ्यावर मला मोठं वाटलं. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नेव्हिगेशन पेपरला पास व्हायला 70 टक्के लागतात. रोज सकाळी चहाबरोबर वाऱ्याची पाच गणितं, एवढा हात बसला तरी वेळ पुरतो.

आणि हो, माझ्या चाकाला आता सुतळीने खोडरबर बांधलेलं आहे.