स्टॅड प्रोसोबत नऊ महिने: वाय, जीवाय आणि पीवाय

आमचं स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस छोटं. सांगली-मिरजेतले बंगले, चार मजली अपार्टमेंट, अधूनमधून एखादं गोदाम. आधी बीम एक्सेलमध्ये सोडवायचो; नऊ महिन्यांपूर्वी स्टॅड प्रो या स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरवर आलो. फ्रेम उभी करणं, सेक्शन देणं आठवड्याभरात हातात बसतं. घोळ होतो तो लोड देताना, आणि तोही वाय, जीवाय, पीवाय अशा दिशेच्या एकदोन अक्षरांपायी.

सरळ बीमवर हे कळतच नाही. 230 मिलिमीटरची वीटभिंत, बीमच्या तळापर्यंत उंची 2.6 मीटर, घनमीटरला 20 किलोन्यूटन धरले की बीमवर मीटरला 12. वाय लिहा नाहीतर जीवाय, उत्तर तेच. त्यामुळे पहिले दोन महिने मी हाताला येईल ते अक्षर टाकत होतो.

जिन्याने माझे डोळे उघडले. दहा पायऱ्या, 250 मिलिमीटरचा ट्रेड (पायरीची रुंदी), 150चा रायझर (उंची). म्हणजे प्लॅनमध्ये 2.5 मीटर आणि चढ 1.5. फ्लाइट 1.2 मीटर रुंद, लाइव्ह लोड (माणसांचा, वापराचा भार) चौरस मीटरला 3, म्हणून तिरक्या बीमवर मीटरला 3.6 किलोन्यूटन. वाय दिलं. स्टॅटिक्स चेकमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर दिशेनुसार लोडची बेरीज दाखवतं तिथे, उभी बेरीज बरोबर 9 आली, हातच्या हिशेबाशी तंतोतंत. मी खूश. मग वरच्या एक्सच्या ओळीवर नजर गेली: 5.4. खाली जाणाऱ्या लोडची आडवी बेरीज आलीच कुठून?

वाय हा त्या बीमचा स्वतःचा अक्ष, तिरक्या बीमला काटकोनात. लोड नुसता खाली जायच्या ऐवजी जिन्याला बाजूलाही ढकलत होता. जीवाय, म्हणजे अख्ख्या मॉडेलची उभी दिशा, केलं तर आडवं गेलं, पण उभं 10.5 झालं, कारण आता 3.6चा गुणाकार तिरक्या 2.915 मीटरशी होत होता. लाइव्ह लोड तर प्लॅनवर मोजायचा. त्यासाठी पीवाय, म्हणजे उभाच लोड पण प्लॅनमधल्या लांबीवर: आडवं शून्य, उभं 9. सेल्फवेट (बीमचं स्वतःचं वजन) मात्र तिरक्या लांबीवरच हवं, आणि ते सॉफ्टवेअर तसंच घेतं. गंमत म्हणजे चुकीच्या वायनेच उभी बेरीज अचूक दिली होती. नुसती तेवढीच बघणारा माणूस निर्धास्त झोपला असता.

मोमेंटचं, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचं, प्रकरण वेगळं. आधी विश्वास बसावा म्हणून 4 मीटरचा साधा टेकवलेला बीम घेतला आणि मधोमध 20 किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट दिला. टेकूंची रिअॅक्शन एकीकडे वर 5, दुसरीकडे खाली 5. आकृतीत मधोमध 10पासून उणे 10पर्यंत उडी. कागदावर जे येतं तेच. ती फाइल अजून ठेवली आहे.

खरा उपयोग पोर्चच्या छज्जात झाला. बाहेर 1.5 मीटर, सगळं मिळून चौरस मीटरला 5 किलोन्यूटन. बीमला दर मीटरमागे 5.6चा पीळ. बीम एक्स दिशेत, म्हणून जीएक्सभोवती (मॉडेलच्या एक्स अक्षाभोवती) पसरलेला मोमेंट दिला, पण चिन्ह उलटं. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या दिशेने धरायचा हे माहीत होतं, तरी घाईत धरला नाही. डिफ्लेक्टेड शेपमध्ये कॉलम भलतीकडे वाकलेले दिसले तेव्हा लक्षात आलं.

चिन्ह सुधारल्यावर 4 मीटर बीमच्या टोकाला टॉर्शन, म्हणजे पीळ, 11.25 किलोन्यूटन-मीटर आलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 1.6 ने गुणून बीमच्या 230 मिलिमीटर रुंदीने भागलं की नुसत्या पिळापोटी 78 किलोन्यूटन समतुल्य शिअर (कातरबल), तेही लोड फॅक्टर, म्हणजे सुरक्षेचा गुणक, लावण्याआधी. एक्सेलच्या काळात मी हा पीळ 'थोडा जादा स्टील' म्हणून उडवून लावायचो. तेव्हाच्या दोन पोर्चची आठवण आली की अजून बरं वाटत नाही.

फ्लोअर लोड सोयीचा आहे, स्लॅबचे त्रिकोण-समलंब स्वतः पाडून बीमवर वाटतो. मात्र चौकट बंद हवी. एका लिफ्टच्या कोपऱ्यात माझा बीम नोडला (सांध्याच्या बिंदूला) जुळलाच नव्हता आणि शेजारचा सहा चौरस मीटरचा स्लॅब बिनवजनाचा राहिला. आता प्रत्येक लोड केसची बेरीज क्षेत्रफळाच्या गुणाकाराशी ताडल्याशिवाय डिझाइनकडे वळत नाही.