समुद्राकाठची बाग: पावसाळा गेला, उन्हाळा गेला, स्क्रू राहिले

झाडांना पाचपैकी साडेचार. स्क्रूंना शून्य. आणि लिहायला बसले ती स्क्रूंमुळेच.

समुद्राकाठच्या बागेचं तयार पॅकेज एका कंत्राटदाराकडून घेतलं, त्याचा हा अनुभव. पॅकेजमध्ये काय काय येतं ते सांगत नाही, ज्यांनी कोटेशन मागवलंय त्यांना पाठ असेल: पुढे वाळूत वेली, मागे झुडपं, त्यामागे झाडं, ठिबक, मांडव, बाक. आमची जागा गोव्यात मांद्र्याला, मधे फक्त सुरूची रांग आणि मग दर्या. कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही, शेवटचा हप्ता अजून माझ्याकडे आहे.

तर, स्क्रू. फणसाच्या पिवळ्या लाकडाचा सुंदर बाक, आणि दिवाळीच्या आतच प्रत्येक स्क्रूखाली चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ. फोन केला तर त्यांचा माणूस म्हणतो, "वयनी, तो गंज न्हय, डाग." बरं, डाग. म्हापशात हार्डवेअरवाल्याने लोहचुंबक लावून दाखवला, "चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस." अस्सलच आहे हो, पण ३०४ नंबरचं. स्टेनलेसच्या प्रती असतात, ३०४ साधी आणि ३१६ खाऱ्या हवेला जास्त टिकणारी. चुंबकाला ३०४ पण चिकटत नाही नि ३१६ पण नाही, त्यामुळे त्या परीक्षेतून काहीच कळत नाही. खाऱ्या हवेतल्या मिठाचा क्लोराइड ३०४ ला बारीक खड्डे पाडतो. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मोलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते बरंच तग धरतं. खोक्यावर ए२ असेल तर ३०४, ए४ असेल तर ३१६. एवढं बघून घ्या. सगळ्या बागेच्या हिशेबात फरक किरकोळ पडला असता, आणि तिथेच नेमकी काटकसर केली. काटकसर मलाही आवडते, पण माझ्या पैशांवर मी केलेली.

गंमत म्हणजे उघड्यावर पाऊस झेलणारे स्क्रू बरे आहेत, बाकाच्या खालचे जास्त खराब. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचून राहतं. झाडांचंही तेच. पत्र्याच्या वळचणीखाली ठेवलेल्या जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या, आणि तीच जास्वंद दहा पावलांवर उघड्यात ठीक आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पुढे आठ महिने पानं धुवायला कोणी नाही. तेव्हा उन्हाळ्यात अधूनमधून पानांवरून गोडं पाणी मारा, नुसतं मुळाशी नको.

कुंपणाबद्दल मात्र माझं मत फिरलं. डिझाइनमध्ये दर्याच्या बाजूला भिंत नव्हती, केवडा आणि निर्गुडीची दाट रांग होती. पहिल्यांदा कोटेशन बघून मी म्हटलं होतं, भिंत वाचवून पैसे खाल्ले. जूनमधला वारा बघितल्यावर ते शब्द गिळले. शेजारी चिऱ्यांची भक्कम भिंत आहे. वारा तिच्यावरून उडी मारतो आणि पलीकडे गरगरत खाली आदळतो, त्यांची केळी तिथेच आडवी झाली. आमच्याकडे वारा झुडपांतून गाळून येतो. आमच्या सासूबाई पूर्वी पावसाआधी झावळ्यांचा कूड घालायच्या, तोही असाच फटीफटींचा. केवड्याला वास येईल की नाही ते मात्र बघायचं आहे. सुगंधी फूल नर झाडाचं असतं आणि रोपं देताना नर की मादी हे विचारलं तर तो माणूस हसला.

लॉनचा तुकडा हट्टाने घातला होता, कंत्राटदाराच्या हट्टाने. "दर्यादेगेर लॉन कोण लायता गो?" सासूबाईंनी विचारलंच, म्हणजे समुद्राकाठी लॉन कोण लावतं. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. आमच्यासारख्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, पंप जास्त चालवला की खालचं वर येतं. लॉन पिवळं पडलं, मी पाणी तोडलं.

आणि त्या जागेत मर्यादवेल, म्हणजे पुढच्या वाळूत पसरणारी वेल, आपणहून सरकली. तिचा एक फाटा उचलून बघितला: प्रत्येक पेरापाशी पांढऱ्या मुळ्यांचा झुबका, त्याला वाळूचे कण चिकटलेले, खेचलं तरी सुटत नाही. सकाळी जांभळी फुलं, दुपारपर्यंत मिटतात. पाणी देत नाही, खत देत नाही. उंडी आणि भेंड ही मागची झाडं सावकाश वाढताहेत, त्यांच्यावर आत्ता लिहिण्यात अर्थ नाही. ठिबक ठीक. टायमरच्या बॅटरीपाशी हिरवं साचतं, महिन्याला पुसते.

दर्याकडे तोंड केलेले फोकस दिवे मी बसवूच दिले नाहीत. मांद्रे-मोरजी पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात. त्याचे पैसे वजा करा म्हटलं तर "पॅकेजमधून वजा होत नाही." होईल. ए४ चे स्क्रू आणि दिव्यांचे पैसे, दोन्ही झाल्यावर हप्ता.

मर्यादवेल लावायची असेल तर किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवरून उपटू नका, त्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली संरक्षित आहेत, आणि वाळू धरून ठेवते ती हीच वेल. पाऊस सुरू झाला की माझ्याकडे छाटणी निघेल. दोन-तीन पेरांचा तुकडा पुरतो, पेरं वाळूत गाडायची. हवी असेल तर न्या, पिशवी तुमची.