खुराडं बनवून घेताय? आमचे 31 हजार कसे गेले ते वाचा

आम्ही मुंबईत मनोरीला राहतो, मागे थोडी वाडी आहे आणि सासूबाईंच्या गावठी कोंबड्या. आधी त्या रात्री डालग्याखाली झाकायच्या, पण बोक्याने दोन पिल्लं नेली तेव्हा मीच हट्ट धरला की पावसाळ्याआधी एकदाचं नीट खुराडं करून घेऊ. सासूबाई नकोच म्हणत होत्या.

मोबाईलवर जाहिरात दिसली, रेडीमेड खुराडं, वॉटरप्रूफ, मुंगूसप्रूफ. फोन केला तर माणूस ताई ताई करत असा गोड बोलायचा की विचारू नका. ठरलं ते असं: सहा बाय चारचं खुराडं, पुढे दहा बाय सहाची जाळीबंद मोकळी जागा, अर्धा इंच चौकोनाची 16 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) जीआय वेल्डमेश, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारांची वेल्ड केलेली जाळी, ती खाली दीड फूट जमिनीत गाडून, वर पत्रा. 31 हजार. टेम्पोचे दीड हजार वेगळे, कारण मार्वेहून खाडी ओलांडणाऱ्या बोटीतून हे येणार नाही, भाईंदर-उत्तनवरून फिरून यावं लागतं. हे मात्र खरंच होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

जाळी चांगली आहे ना विचारलं तर पठ्ठ्याने खिशातून लोहचुंबक काढून टक्कन चिकटवलं. "बघा ताई, ओरिजिनल." आणि मी मान डोलावली! अहो लोखंड म्हटलं की चुंबक चिकटणारच, तार जाड असो बारीक असो, वर झिंक असो की नुसता सिल्व्हर कलर. पण समोरचा एवढ्या कॉन्फिडन्सने करत असला की डोकं चालत नाही. नेमकी जाळी गाडायच्या वेळी मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले, बाहेर आले तर माती ओढून, कडेने विटा लावून सगळं चोपून झालेलं. मी तिथेच सगळे पैसे यूपीआयने दिले. बिल नंतर पाठवतो म्हणाला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आतला भुसा लापशीसारखा झाला. पाऊस इथे नैऋत्येकडून झोडपतो आणि त्याने उघडी जाळीची बाजू बरोबर तिकडेच केलेली, पत्र्याला पुढे वीतभर पागोळीसुद्धा नाही. स्क्रू मारलेत ते पत्र्याच्या खोलगट भागात, जिथून पाणी वाहतं तिथेच, आणि रबर वॉशर एकालाही नाही. फोन केला तर म्हणे चारी बाजूंनी प्लास्टिक मारा. मारलं. मग वारा बंद, आत अमोनियाचा असा वास की डोळ्यांतून पाणी यायचं, ओल तशीच, आणि आठवड्याभरात दोन तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, रक्ती हगवण. डॉक्टरांनी औषध दिलं आणि आधी प्लास्टिक काढा म्हणाले, वरून पत्र्याखाली हवा खेळती हवी, पाणी तेवढं आत येता कामा नये.

पण खरा दणका नंतर. रात्री घुशीने विटांखालून बीळ पाडलं, आम्हाला कळलंच नाही. आम्ही रात्री दोनदा उठून टॉर्च मारायचो, आणि मुंगूस आलं भर दुपारी, ते दिवसाच फिरतं. त्याच बिळातून. खुडूक कोंबडी 11 अंड्यांवर बसलेली होती, ती जागची उठलीच नसणार. कोपऱ्यात पिसांचा ढीग आणि फुटकी अंडी, बाकीच्या सगळ्या वरच्या दांडीवर चिकटून बसलेल्या, आवाज नाही.

विटा उचलल्या. जाळी मातीत चार बोटंसुद्धा गेलेली नव्हती, आणि खाली वेल्डमेश नाहीच, ती षटकोनी चिकन जाळी, जी कोंबडीला आत ठेवते पण कुत्र्याला, घुशीला बाहेर ठेवत नाही. शेजारचे काका आयुष्यभर लेथवर, त्यांनी वरच्या जाळीला व्हर्नियर लावला तर 0.9 एमएम. 16 गेज म्हणजे 1.6 एमएम हवी, ही 20 गेज निघाली. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे मला तेव्हा कळलं. थिनरचा बोळा फिरवला तर फडक्यावर सगळा चंदेरी रंग.

त्याचा फोन आधी "गाडी चालवतोय ताई", मग स्विच ऑफ. चौकीत म्हणाले हे दिवाणी प्रकरण. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार घातलीये, पण बोलणं सगळं कॉलवर, बिल नाही, हातात फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट. गेज आणि खोली व्हॉट्सॲपवर लिहून मागितली असती तर निदान दाखवायला काहीतरी असतं.

आता गावातल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. त्याने खोल खणलंच नाही, जाळी तळाशी एल आकारात बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी पसरली आणि वर दगड-माती टाकली, उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं आणि जाळीवर अडतं. माती टाकेपर्यंत मी छत्री घेऊन तिथेच उभी होते, चहा सासूबाईंनी केला.

परवा जुन्या नंबरवाल्याचं स्टेटस दिसलं, नवीन जाहिरात. फोटो आमच्याच वाडीतला, पहिल्या दिवशीचा, दारात ती खुडूक कोंबडी उभी आहे.