गिट की सबव्हर्जन? दिवाळी अंकाच्या टेबलावरून

गिट आणि सबव्हर्जन ही फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारी सॉफ्टवेअरं. कोड लिहीत असाल तर डोळे झाकून गिट घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. माझं दुखणं वेगळं होतं. आम्ही दिवाळी अंकांची मांडणी करतो. इनडिझाइनची पानं, फोटोशॉपमधली मुखपृष्ठं, आयत्या वेळी येणाऱ्या जाहिराती. माणसं तीन, आणि फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल_नवी', 'फायनल_हीच'. या गोंधळातून सुटायला दोन हंगाम गिट वापरलं, गेले तीन सबव्हर्जन.

गिटबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही. नेट नसलं तरी कमिट, म्हणजे केलेल्या बदलाची नोंद, होतं, सगळा इतिहास आपल्याच मशिनवर असतो. सबव्हर्जनला साधा लॉग, म्हणजे बदलांची यादी, बघायलाही सर्व्हर लागतो. आमचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जुना पीसी. तो बसला की आम्हीही चहाला.

पण गिटच्या दिवसांतला एक प्रसंग विसरता येत नाही. कथा विभागाची एकच फाइल, एका दुपारी दोघांनी आपापल्या मशिनवर उघडली. एकाने शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या घातल्या, दुसरीने चित्रं बसवली. सामायिक फोल्डर असता तर इनडिझाइननेच दुसऱ्याला हटकलं असतं. इथे प्रत्येकाची प्रत स्वतंत्र, हटकणार कोण? संध्याकाळी पुल करताना, म्हणजे दुसऱ्याचे बदल आपल्याकडे ओढताना, कॉन्फ्लिक्ट: दोघांचे बदल एकमेकांवर आदळले. मजकुराची फाइल असती तर ओळी जुळवल्या असत्या. इनडिझाइनच्या फायलीत जुळवणार काय? एकीची ठेवा, दुसऱ्याची टाका. तीन तासांचे ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा घालावे लागले, तेही छापखान्याचा फोन चालू असताना.

सबव्हर्जनमध्ये फायलीला नीड्स-लॉक ('आधी लॉक घ्या' अशी खूण) लावून ठेवलं की ती चेकआउटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरून आपल्या मशिनवर उतरवलेल्या प्रतीत, रीड-ओन्लीच येते. टॉर्टॉइजमध्ये (सबव्हर्जन वापरायचा विंडोजवरचा प्रोग्रॅम) उजवी क्लिक, गेट लॉक, मग काम. कमिट केलं की लॉक आपोआप सुटतो. दुसऱ्याला लॉक मागताक्षणी कळतं की पान कोणाकडे आहे. याचाही ताप आहेच: आमच्यातला एक जण मुखपृष्ठ लॉक करून गणपतीला कोकणात गेला. लॉक हिसकावून घेता येतो, पण आम्ही आधी त्याला फोन केला.

खरं सांगायचं तर लॉक गिटमध्येही मिळतो. एलएफएस (मोठ्या फायलींसाठीची गिटची जोड) बसवा, फायली लॉकेबल म्हणून नोंदवा, सर्व्हरला ते चालतंय ना बघा. जमत असेल तर जरूर करा. मला प्रत्येक मशिनवर ते बसवत आणि समजावत फिरायचं नव्हतं.

जागेचं म्हणाल तर दोन्हीकडे रड आहे. गिटच्या साध्या क्लोनमध्ये, म्हणजे इतिहासासकट उतरवलेल्या प्रतीत, टाकून दिलेल्या मुखपृष्ठांसकट सगळं येतं. सबव्हर्जन प्रत्येक फायलीची एक मूळ प्रत लपवून ठेवतं, म्हणजे डिस्कवर साधारण दुप्पट. मात्र हवा तेवढाच फोल्डर चेकआउट करता येतो. आमच्या ऑपरेटरच्या जुन्या लॅपटॉपवर फक्त जाहिराती असतात.

आणि सबव्हर्जनमधले रिव्हिजनचे आकडे, म्हणजे प्रत्येक कमिटला ओळीने मिळणारे क्रमांक! संपादकबाई फोनवर विचारतात, "परवाचं पान कुठंय?" मी म्हणतो, "चारशे बाराला." त्या प्रूफच्या कोपऱ्यात ४१२ लिहून ठेवतात. गिट कमिटला क्रमांकाऐवजी देतं ते अक्षरं-आकड्यांचं कडबोळं फोनवर सांगून पाहिलंय. बी की डी, यावरच गाडी अडायची.

एकट्याने काम करत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. माझी बिलांची छोटी स्क्रिप्ट आजही गिटमध्येच आहे.