घाटीवर उभ्या राहणाऱ्या पिकअपला रिमोट स्टार्टर

"चावी फिरवूक तुझो हात मोडलो काय?" लांबून बटण दाबून इंजिन चालू करणारा रिमोट स्टार्टर पिकअपला बसवून घेतला, तेव्हा हा बाबांचा पहिला प्रश्न. दीड वर्ष झालं, धड उत्तर अजून सुचलेलं नाही.

आमचं घर देवगड तालुक्यात, रस्त्यापासून बेचाळीस पायऱ्या खाली. बोलेरो पिकअप वर घाटीच्या, म्हणजे चढणीच्या वाटेच्या, तोंडाशी उभी असते. हंगामात पहाटे चारला पेट्या भरून निघायचं, आणि चालू केल्या केल्या समोर चढ. थंड इंजिनावर भरलेली गाडी रेटायला माझ्या जिवावर येतं, म्हणून तीन-चार मिनिटं आयडलला ठेवतो. म्हणजे वर जा, चालू करा, राहिलेला डबा आणायला खाली या, परत वर. तेवढी एक फेरी वाचावी म्हणून हा खटाटोप. किट ४,८०० रुपये, मजुरी १,५००. आंबा घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा तिथल्याच एका दुकानात बसवून घेतलं. दोन तासांत मोकळा केला मला. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता.

वस्तू म्हणून किट वाईट नाही. डिझेलचं वेगळं सेटिंग आहे, म्हणजे आधी इग्निशन देतं, काही सेकंद थांबतं आणि मग स्टार्टर फिरवतं. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर इंजिन आपणहून बंद. माझी गाडी २०१४ ची, चावी साधी, त्यामुळे इमोबिलायझरची (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी सोय) भानगड नव्हती. ज्यांच्या चावीत चिप आहे त्यांना ती अडवणूक टाळणारं बायपास मॉड्यूल वेगळं लागतं. काही फिटर त्याऐवजी दुसरी चावीच डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवतात. चोराची सोय!

रेंज खोक्यावर दोनशे मीटर लिहिलेली. आमच्या स्वयंपाकघरातून शून्य. चिऱ्याच्या दोन जाड भिंती आणि वर मातीचा बांध, सिग्नल जाणार कुठून? खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीपाशी उभं राहून हात उंच केला की लागतं. पहाटे चारला मला तसा उभा बघून शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "झील देवाक बोलता काय गे?" (झील म्हणजे मुलगा.)

आता मुद्द्याचं. उतारावर गाडी लावायची आमची रीत म्हणजे हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाला दगड. लायसन्स काढायच्या आधीपासून हे अंगात भिनलेलं. रिमोट स्टार्टरला नेमकं उलटं हवं, गाडी न्यूट्रलला. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला की तो इंजिनाबरोबर गाडीही ढकलतो, कारण क्लच दाबायला आत कोणी नाही. म्हणून मॅन्युअल गाडीसाठी किटमध्ये एक क्रम ठरलेला असतो: इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चावी काढायची, उतरायचं, दार लावायचं आणि इंजिन रिमोटनेच बंद करायचं. मध्ये कोणी दार उघडलं की रिमोटने चालू होणं रद्द. आत कोणी नसताना इंजिन चालू राहिलं, म्हणजे गाडी न्यूट्रललाच आहे. साधी पण हुशार युक्ती.

माझ्या गाडीत त्यातलं काहीच जोडलेलं नव्हतं. एप्रिलमधल्या एका दुपारी भाच्याने खेळता खेळता बटण दाबलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. हिसका देऊन दगडावरून चढली आणि गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, जाऊन थांबली. बंपर आत, चार चिरे खाली. त्या गडग्यावर संध्याकाळी पोरं बसतात, तेव्हा नव्हती. मी भाच्याला ओरडलो नाही, मलाच घाम फुटला होता.

डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं तर हँडब्रेकची तार सरळ बॉडीला स्क्रूने आवळलेली. म्हणजे हँडब्रेक खाली असला तरी किटला तो कायम वरच वाटणार. दाराची तार कापून टेप मारलेली. किट ऑटोमॅटिक गाडीच्या सेटिंगवर. बॉनेट उघडल्यावर इंजिन चालू होऊ नये म्हणून एक छोटा स्विच येतो, तो खोक्यातच पिशवीसकट पडलेला. इंजिनाच्या पट्ट्यात हात असताना कोणी बटण दाबलं असतं तर? आणि सगळे जोड नुसते पिळून टेप लावलेले. आमच्या खाऱ्या हवेत वर्षभरात तांबं हिरवं पडलं होतं. दुकानाला फोन केला तर म्हणे, "आम्ही सगळ्यांना असंच बसवतो."

देवगडच्या एका इलेक्ट्रिशियनने पूर्ण दिवस घालवून परत केलं. सोल्डर, वर स्लीव्ह, सगळे स्विच जागेवर. २,२०० घेतले, एक रुपया जड वाटला नाही. आता गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलो की रिमोट चालतच नाही.

पण मग घाटीवर करायचं काय? भरलेली गाडी नुसत्या हँडब्रेकवर न्यूट्रलला सोडून मला झोप लागणार नाही. सपाट जागा देवळाजवळ आहे, तिथून सिग्नल घरापर्यंत पोचत नाही. शिवाय ती जागा सार्वजनिक. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ असं सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर लायसन्सवाला सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. खरं तर घाटीचं तोंड तरी कुठे आमच्या मालकीचं आहे!

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. आंबा संपलेला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मासळीचं भाडंही नाही. गाडी ताडपत्रीखाली. किटचा रिसीव्हर मात्र जागाच असतो. मीटर लावून बघितलं तर ४० मिलिअँपिअर खातो. ६१ दिवसांचे झाले जवळपास ५९ अँपिअर-तास, माझी बॅटरी ८० ची. गेल्या वर्षी १ ऑगस्टला ढकलून चालू केली, बाबा पायरीवर बसून बघत होते. यंदा किटचा फ्यूज आधीच काढून ठेवला.

किटला पाचपैकी साडेतीन, त्या फिटिंगला शून्य. ज्याची गाडी स्वतःच्या सपाट अंगणात उभी असते त्याने खुशाल घ्यावं. बंद शेडमध्ये मात्र लांबून चालू करू नका, धूर आतच कोंडतो. पैसे देण्याआधी हँडब्रेक खाली करून आपल्यासमोर बटण दाबायला लावा. इंजिन चालू झालं तर गाडी तिथून हलवू नका, तारा परत काढायला लावा.