सिमशिवाय १५ किलोमीटर आवाज? लोराच्या नावावर काय खपवलं जातं

डोंगरात भटकणाऱ्यांना आणि गावापासून लांब शेत असणाऱ्यांना ‘लोरा वॉकीटॉकी’ची जोडी गळ्यात मारली जातेय. सिम नको, इंटरनेट नको, बटण दाबा आणि १५ किलोमीटरवर बोला. पल्ला खरा असू शकतो, आवाजही खरा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी मिळतील, ही मात्र थाप.

लोरा ही कमी विजेवर लांब पोचणारी रेडिओ पद्धत; तिचा पल्ला येतो तो संथपणातून. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संकेत किती ताणून पाठवायचा याचा आकडा, १२ आणि बँडविड्थ (वापरलेल्या पट्ट्याची रुंदी) १२५ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला जेमतेम अडीचशे बिट जातात. कोडेक-२ या आवाज दाबणाऱ्या सॉफ्टवेअरने आवाज सेकंदाला ७०० बिटांपर्यंत दाबला, तरी दहा सेकंदांचं बोलणं ८७५ बाइट भरतं. एका पॅकेटात जास्तीत जास्त २५५ मावतात. म्हणजे चार पॅकेटं आणि पोचायला अर्धं मिनिट; मधलं एक हरवलं की वाक्याला भोक. फॅक्टर ७ वर हेच दीड सेकंदात जातं, पण क्षीण संकेत पकडण्याची साधारण साडेबारा डेसिबल क्षमता गमावून. मोकळ्या माळावरही पल्ला चौथाईवर येतो, मग मध्ये डोंगराची सोंड आल्यावर तर विचारूच नका.

विक्रेता दुकानात बोलून दाखवतो फॅक्टर ७ वर, आणि पल्ल्याचा व्हिडिओ असतो फॅक्टर १२ वरून गेलेल्या ‘ओके’ एवढ्या मजकुराचा. आवाज फोनसारखा स्वच्छ आला तर जास्तच संशय घ्या: ७०० बिटांचा आवाज यंत्रमानवासारखा चिरका येतो, बोलणारा ओळखूही येत नाही. अशा वेळी संदेश बहुधा जोडीला ब्लूटूथने जोडलेल्या फोनच्या ॲपमधून इंटरनेटवर जात असतो. दोन्ही फोन विमान मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, दहा सेकंद बोला आणि घड्याळ लावा.

तपासायला आलेल्या एका जोडीच्या खोक्यावर ८६८ मेगाहर्ट्झ छापलेलं. झाकण उघडलं तर आत ‘रा-०२’, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झचं रेडिओ मॉड्यूल. भारतात लोरासाठी विनापरवाना वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. तिथे अँटेनाची पाव तरंगलांबीची तार साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास हवी, ४३३ ला सतरा. तारच आखूड-लांब असेल तर बरीचशी शक्ती मॉड्यूलकडेच परत फिरते.

अँटेना न लावता चालू करू नका. प्रसारणाचा टप्पा जळू शकतो, आणि हेच कारण दाखवून वॉरंटी नाकारतात. पैसे देण्याआधी वायरलेस विभागाची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी) मंजुरी मागा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. परतावा नाकारला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.